बेटावरची वीज आणि आरशांचा हिशेब

महोदय,

बेटाच्या विजेसाठी सौरऔष्णिक प्रकल्पाचा, म्हणजे आरशांनी ऊन एकवटून त्या उष्णतेवर टर्बाइन फिरवण्याचा, विषय निघाला की ‘तिथे ऊन भरपूर’ एवढ्यावरच चर्चा थांबते, याची काळजी वाटते. आरसे फक्त थेट ऊन एकवटू शकतात. दमट हवेत विखुरलेला उजेड त्यांच्या कामाचा नाही. सौरपट्ट्या मात्र त्यावरही चालतात. उन्हात हात धरून पाहावा. सावलीची कड धूसर पडली, तर आरशांचं उत्पन्न तिथेच घटलं. निदान वर्षभर थेट किरणांची मोजणी झाल्याशिवाय निर्णय घेऊच नये.

तरीही हा पर्याय मोडीत काढणं चूक ठरेल. स्पेनमधील हेमासोलार हा १९.९ मेगावॉटचा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. वितळलेल्या क्षारांत साठवलेल्या उष्णतेवर तो ऊन नसतानाही सुमारे १५ तास वीज देऊ शकतो. डिझेल जाळून रात्र काढणाऱ्या बेटाला याचं मोल वेगळं सांगायला नको. शिवाय फिरत्या टर्बाइनचं जडत्व छोट्या ग्रिडला सावरून धरतं.

खरी अडचण देखभालीची आहे. खारा वारा आरशांवर पांढुरका थर चढवतो आणि तो धुवायला गोडंच पाणी लागतं. उष्णता साठवणारे क्षार सुमारे २४० अंश सेल्सिअसखाली गोठू लागतात. नळीत गोठले की काम ठप्प. म्हणून दुरुस्तीची माणसं आणि सुटे भाग बेटावरच असावेत, ही अट कंत्राटात हवी. आणि सौरपट्ट्या-बॅटरीशी तुलना करताना दुपारच्या नव्हे, रात्री दहाच्या युनिटचा दर धरावा.

– एक वाचक