हिमवादळात ऑफिस गाठण्याविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बर्फ कितीही पडो, ऑफिस गाठायचेच, कारण घरून काम करणाऱ्याकडे वरिष्ठ कामचुकार म्हणून पाहतात, हे तुझे म्हणणे मनाला लागून राहिले आहे.

तू गाडी जपून चालवतोस, याविषयी मला शंका नाही. पण गोठलेल्या रस्त्यावर कौशल्याला फारसा वाव उरत नाही. ओल्या डांबरावर धरलेला बर्फाचा पातळ पापुद्रा पारदर्शक असतो, त्यातून खालचे काळे डांबर जसेच्या तसे दिसते आणि रस्ता नुसता ओला आहे असा समज होतो. पुलाला खालच्या जमिनीची ऊब मिळत नाही आणि थंड वारा त्याला वरून-खालून दोन्हीकडून झोंबतो, म्हणून हा पापुद्रा तेथे सर्वांत आधी धरतो. अशा बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरही लागू शकते. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकले आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर पारा उणे १० अंशांच्या खाली उतरला की साध्या मिठाचा प्रभाव फारच मंदावतो. शून्याच्या आसपासचे तापमान तर कडाक्याच्या थंडीहूनही फसवे, कारण त्या वेळी बर्फावर पाणी सुटलेले असते आणि टायरची पकड पार जाते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गाडी बर्फात रुतलीच, तर हीटरसाठी इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून एक्झॉस्ट पाइपच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढ आणि बर्फ पडत असेल तोवर पुन्हा पुन्हा तपासत राहा. ते तोंड बुजले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो; त्याला ना रंग, ना वास, आणि माणूस झोप आल्यासारखा बेशुद्ध होतो.

घरून काम करणे सुखाचेच असते, असे मी म्हणत नाही. बर्फाच्या भाराने तारा तुटून वीज जाते, शाळा बंद असल्याने मुले घरात असतात, आणि ज्याला बसायला वेगळी खोली नाही त्याची ओढाताण होते. तरीही अर्धवट झालेले काम दुसऱ्या दिवशी पुरे करता येते.

मला खरा राग येतो तो हा निर्णय प्रत्येकाच्या धाडसावर सोडला जातो याचा. हवामानाचा अंदाज आदल्या दिवशी हाती असतो. मग उद्या कोणी यायचे आणि कोणी घरून काम करायचे, हे वरिष्ठांनी संध्याकाळीच ठरवून सांगायला नको का? सकाळी अंधारात गाडीची काच खरवडत उभ्या असलेल्या माणसाने, नोकरीची धास्ती मनात ठेवून, ते का ठरवावे? परिचारिका, वीज दुरुस्त करणारे कर्मचारी, बर्फ हटवणाऱ्या गाड्यांचे चालक यांना घरी थांबण्याची सोयच नाही. आपल्यासारख्यांच्या गाड्या रस्त्यावर आडव्या पडल्या, तर त्यांचीच वाट अडते. म्हणून तुझे घरी थांबणे ही कामचुकारी नव्हे, असे मी ठामपणे मानतो.

पुढचे वादळ येण्याआधीच वरिष्ठांशी बोल. घरून कोणती कामे पूर्ण करशील, कोणत्या वेळेत फोनवर असशील आणि वीज गेल्यास कसे कळवशील, हे त्यांना लेखी दे. त्यांचे उत्तर काय येते, ते मला अवश्य कळव. घरच्या सर्वांना नमस्कार.

तुझा स्नेहांकित,
मित्र