एका वाचकाचे दोन अभिप्राय

कॉलेज रोड, नाशिक

प्रिय सुलू,

तुझ्या दोन पत्रांची उत्तरे माझ्याकडे थकली आहेत, त्याबद्दल जे काय बोलायचे ते फोनवर बोल. आज लिहायला बसले आहे ते वेगळ्याच कारणाने. माझा गुडघा आहे तसाच आहे, रक्तदाब गोळीच्या धाकात आहे आणि यांच्या सर्दीला ऋतू लागत नाही. प्रकृतीचे एवढेच.

आपल्या वाचक मंडळाच्या अभिप्रायवह्यांतून निवडक मजकूर काढून एक पुस्तिका छापायची असे कार्यकारिणीने ठरवले, आणि 'जुनी अक्षरे तुम्हांलाच लागतात' असे गोड बोलून निवडीचे काम माझ्या गळ्यात घातले. पुस्तिका चौसष्ट पानी, म्हणजे सोळा पानांचे चार फॉर्मे. त्यापुढे एक ओळ वाढली तरी छपाईचा हिशेब कोलमडतो, हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर जे नियम हाती आले ते वाचून तुझी फार आठवण झाली, कारण ते ऐकून तू अध्यक्षीणबाईंच्या तोंडावर हसली असतीस आणि मला ते निस्तरावे लागले असते. एका वाचकाचा एका पुस्तकावर एकच अभिप्राय घ्यायचा. तो तीन ओळींचा. तारखा गाळायच्या, कारण त्यांनी पुस्तिका 'शिळी' वाटते. कडू मजकूर शक्यतो टाळायचा. आणि शेवटी प्रत्येक पुस्तकाला पाचांपैकी तारे द्यायचे! सगळ्यांचे तारे मिळवून सरासरी काढण्याचे काम अध्यक्षीणबाईंचा भाचा करणार आहे. 'कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ग्रंथपेट्या परदेशात पोचल्या आणि आपण अजून वह्यांत अडकलो आहोत', असे तो मला सांगतो. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू असलेल्या गावात वहीची लाज वाटणारी पिढी निघावी, याला काय म्हणावे ते तूच सांग.

आता मुख्य गोष्ट. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वरच्या तुझ्या त्या गाजलेल्या अभिप्रायाच्या खाली मला तुझाच दुसरा अभिप्राय सापडला.

पहिला तुला आठवत नसेल असे होणार नाही. तरी तो शब्दशः उतरवते, कारण पुढे अनेकांना तू तो बराच सौम्य करून सांगितला आहेस. 'लेखिकेला शंभर नमस्कार. टिळकांना मी एक दिवसही घरात ठेवून घेतले नसते. बाईंनी ठेवून घेतले आणि वर ते हसत हसत लिहिले, याचाच मला राग येतो.' यावरून आपण मंडळाच्या पायरीवर भांडलो होतो आणि तू माझा चकलीचा सोऱ्या धाकट्या भावाच्या हाती परत पाठवला होतास. माझे म्हणणे असे की, तू पुस्तकाविषयी लिहायचे सोडून लेखिकेच्या नवऱ्याविषयी लिहिलेस. तुझे म्हणणे असे की, ज्या पुस्तकात नवरा पानापानावर आहे त्याविषयी दुसरे लिहिणार तरी काय. सोऱ्या परत आला तेव्हा त्याची एक चकती कमी होती, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवते.

दुसरा अभिप्राय समासाला लागून, अगदी बारीक अक्षरात आहे. 'पुन्हा वाचले. हसणे तिचे स्वतःचे आहे, टिळकांसाठी नाही. मागचा राग निम्मा मागे घेते. निम्मा राहू द्यावा.' खाली तारीख. ते वर्ष तुझ्या घरी कसे गेले ते आपल्या दोघींपलीकडे कोणाला ठाऊक नाही आणि मी ते इथेही लिहीत नाही. पण त्या वर्षात तू उठसूट माझ्याकडे येत होतीस, ओट्याला टेकून तासन्‌तास उभी राहत होतीस, आणि तरी हे पुस्तक पुन्हा हाती घेतल्याचे अवाक्षर काढले नाहीस! भांडण मी निम्मे जिंकले होते हे मला इतक्या वर्षांनी मंडळाच्या वहीतून कळावे?

हा अभिप्राय वाचून मी 'स्मृतिचित्रे' परत काढले, आणि या वेळी माझे लक्ष सारखे सालांकडे जात राहिले. लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. टिळक १८९५ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झाले तेव्हा ती मागे राहिली, काही वर्षे वेगळी काढली आणि मग आपल्या पायांनी त्यांच्याकडे गेली. टिळक १९१९ मध्ये वारले; पुस्तकाचा पहिला भाग छापून आला १९३४ मध्ये. म्हणजे ज्या माणसाच्या संतापाविषयी, हातातला पैसा वाटून टाकण्याविषयी आणि न सांगता निघून जाण्याविषयी ती लिहिते, त्याला जाऊन मधे पंधरा वर्षे लोटली होती. अन्याय सोसताना हसणारी बाई आणि सोसून झाल्यावर, सगळे तपशील पक्के लक्षात ठेवून हसणारी बाई यांत फरक आहे. तो तुझ्या पहिल्या अभिप्रायात नव्हता, दुसऱ्यात आहे. माझ्या तर कशातच नव्हता; मी त्या वेळी 'भाषा प्रसन्न व ओघवती' असे लिहून मोकळी झाले होते, आणि कार्यकारिणीला छापण्यासाठी नेमके तेच हवे आहे.

सुनीताबाई देशपांड्यांच्या 'आहे मनोहर तरी'च्या पानावर तर रणकंदन आहे. ते १९९० मध्ये आले तेव्हा पु.ल. हयात होते आणि सगळ्या महाराष्ट्राचे लाडके होते, त्यामुळे अर्ध्या लोकांनी सुनीताबाईंना 'घरातले घरात ठेवावे' असा सल्ला दिला आहे आणि उरलेल्यांनी पहिल्या अर्ध्यांना. पुस्तक कसे लिहिले आहे याविषयी त्या पानावर मोजून एक ओळ आहे, ती पोस्टातल्या मावशींची. आठवणींच्या पुस्तकाला वाचक असा साक्षीदारासारखा भिडतो; तो कोणाच्या तरी बाजूने उभा राहतोच. त्याला तारे कसे द्यायचे? कोणाच्या संसाराला साडेतीन तारे द्यायचे?

लोककथांची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि इथे माझे कार्यकारिणीशी खरोखर वाजले आहे. वाड्यातल्या काकू आठवतात ना, नाकात चमकी, पिशवीत कायम सुपारीचा अडकित्ता? त्यांनी मुलांच्या लोककथांच्या एका पुस्तकात चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचा शेवट शिसपेन्सिलने खोडून स्वतःचा लिहिला आहे. छापलेल्या गोष्टीत शेणाचे घर वाहून गेलेल्या कावळ्याला चिमणी शेवटी घरात घेते, अंग पुसायला फडके देते आणि दोघे गुण्यागोविंदाने राहतात. काकूंनी त्यावर काट मारून समासात लिहिले आहे, 'असे नाही. बाळाला तीट लावून झाल्यावर तिने दार उघडले, म्हणाली, गारठला असशील, तव्यावर बैस. तवा तापलेला होता. आमची आजी अशी सांगे.' त्याखाली नव्या इमारतीतल्या कोणा तरुण आईने पेनने तक्रार केली आहे की, असले क्रूर शेवट मुलांना सांगू नयेत. आणि तिच्याच अक्षरात, वेगळ्या शाईत, पुढे आहे, 'मुलगा रोज तव्याचीच गोष्ट मागतो.'

कार्यकारिणीच्या लेखी हे पुस्तक खराब केले गेले आहे आणि काकूंच्या घरच्यांकडून त्याची किंमत वसूल झाली पाहिजे. काकू जाऊन बरीच वर्षे झाली. मी म्हटले, लोककथेवर याहून चांगला अभिप्राय असूच शकत नाही, कारण ज्या गोष्टीचा लेखकच नाही तिच्यावर मत देण्याची एकच रीत आहे, ती म्हणजे आपल्या घरची गोष्ट पुढे ठेवणे. आपल्याकडच्या कथांचा एक फार जुना इंग्रजी संग्रह आहे, १८६८ चा. मुंबईच्या गव्हर्नर फ्रिअरच्या मुलीने, मेरीने, तो घरातल्या आयेकडून ऐकून लिहून घेतला. पण कथांच्या आधी तिने त्या आयेची, अ‍ॅना लिबेराता डिसूझाची, स्वतःची हकीकत छापली: या गोष्टी तिला आजीकडून कशा मिळाल्या आणि आपल्याला त्यातल्या किती थोड्या आठवतात हे सांगणारी. ज्याचा प्राण पोपटात ठेवला आहे त्या जादूगाराची गोष्ट मला त्या संग्रहातूनही आवडते, पण आजीविषयी बोलणारी अ‍ॅना अधिक लक्षात राहते. दीडशे वर्षांपूर्वी गव्हर्नरच्या बंगल्यात जे सुचले ते आपल्या मंडळाला सुचू नये! यावर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, 'चर्चा पुढील सभेत घेऊ.'

अंबडवाल्या दादांची मात्र मजा आहे. त्यांनी आयुष्यभर धंद्याची पुस्तके वाचली आणि प्रत्येकावर कारखान्याच्या स्टोअरमधल्या नोंदीसारखा अभिप्राय लिहिला. 'गुड टू ग्रेट' हे २००१ चे पुस्तक त्यांच्या मुलाने आणून दिले होते. शेअर बाजाराच्या सरासरीच्या निदान तिप्पट परतावा सलग पंधरा वर्षे देणाऱ्या अकरा कंपन्या निवडून, त्या थोर का झाल्या याची त्यात मीमांसा आहे. दादांची पहिली नोंद अशी, 'प्रत्येक कारखानदाराने उशाशी ठेवावे.' मग आले २००८. त्या अकरांपैकी फॅनी मे सप्टेंबरात अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि नोव्हेंबरात सर्किट सिटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दादांची दुसरी नोंद, 'दोघांची वाट लागली. पुस्तक वाईट नाही, पण उशाशी ठेवलेले काढले आहे. जिंकलेल्यांची यादी आधी करायची आणि कारणे मागून शोधायची, हे आमचा ज्योतिषीही करतो.' खुद्द लेखकाने पुढच्याच वर्षी मोठ्या कंपन्या कशा कोसळतात यावर वेगळे पुस्तक लिहिले, तेही दादांनी वाचले आणि खाली लिहिले, 'हे बरे. लेखकाने हिशेब चुकता केला.'

एकच अभिप्राय घ्यायचा तर यातला कोणता घेऊ? पहिला घेतला तर दादा भोळे ठरतात आणि दुसरा घेतला तर उगाच शहाणे. दोन्ही घेतले आणि तारखा गाळल्या तर ते चक्रम वाटतात. साल घातले की मात्र मंदीत सातपूर-अंबडच्या शेडींतून शिफ्टा कशा बंद पडल्या होत्या ते न सांगता कळते, निदान आपल्या गावच्या वाचकाला तरी.

आणि याच दादांनी श्रावणातल्या कहाण्यांच्या पुस्तकावर काय लिहिले आहे ते वाच. खुलभर दुधाची कहाणी तुला मी सांगायला नको. राजाने गावचे सगळे दूध देवळात ओतायला लावले तरी गाभारा भरला नाही, आणि लेकरांना-वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध म्हातारीने आणले तेव्हा भरला. दादा लिहितात, 'सक्तीने वर्गणी गोळा करणाऱ्या सर्व मंडळांनी वाचावे. आधी कामगारांचा पगार, मग देवाचे. मॅनेजमेंटवरचे मी वाचलेले सर्वांत लहान पुस्तक.' हे मी पहिल्या पानावर घालणार आहे. वर्गणीच्या उल्लेखामुळे खजिनदार रागावतील, तर रागावू देत.

तर माझा प्रश्न असा आहे. कार्यकारिणीला तुझा पहिला अभिप्राय नको आहे, कारण तो कडू. आणि दुसरा चालेल, पण त्यातला 'मागचा राग निम्मा मागे घेते' हा भाग काढून, कारण मागचा राग छापलेलाच नसेल तर तो मागे घेणार कुठून. म्हणजे छापून येईल ते एवढेच की, 'हसणे तिचे स्वतःचे आहे', आणि पुढे चार तारे. मला दोन्ही हवे आहेत, एकाखाली एक, सालांसकट, तुझ्या नावाने. नाव नको असेल तर आद्याक्षर घालीन. पण गावात सगळ्यांना ते कळेल, हे तुलाही ठाऊक आहे. तू नाही म्हणालीस तर मी एक अक्षरही छापणार नाही. तू हो म्हणालीस तर पुढच्या सभेत मी एकटी नसेन. दादांच्या मुलाने वडिलांच्या तिन्ही नोंदी छापाव्यात असे लेखी दिले आहे, आणि त्या तव्यावाल्या आईनेही, तिचे नाव मला अजून नीट येत नाही, दुजोरा दिला आहे. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र मी हरणार असे दिसते. भाच्याने तक्ता आधीच करून ठेवला आहे आणि त्यात 'स्मृतिचित्रे' खाली, 'रिच डॅड पुअर डॅड' वर आहे.

आणखी एक विचारायचे आहे. तो राहिलेला निम्मा राग अजून आहे का? असेल तर दोन ओळी लिहून पाठव. तिसरी नोंद म्हणून मीच वहीत चिकटवीन. पण माझ्या पक्षाचे होईल म्हणून गोड लिहू नकोस. तुझे गोड लिहिणे मला लगेच कळते.

मनूची परीक्षा कशी झाली, नव्या घराचा ताबा मिळाला की बिल्डर अजून झुलवतो आहे, आणि तुझ्या कानाचे काय झाले, हे सगळे सविस्तर कळव. दिवाळीत येणार असशील तर आधी सांग. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवले आहेत, तुला घ्यायला स्टेशनवर कोणत्या बाजूने यायचे ते ठरवावे लागेल. जावईबापूंना आशीर्वाद.

छपाईवाला पुढच्या शुक्रवारी मजकूर न्यायला येणार आहे. त्याआधी उत्तर दे.

तुझी,
विजू

ता.क. काकूंच्या पुस्तकाची किंमत भरून टाका, विषय मिटेल, असे खजिनदारांनी मला सुचवले. मी भरणार नाही. किंमत भरली की जुनी प्रत रद्दीत काढतात, असा मंडळाचा नियम आहे.