उघड्या आतड्यांच्या बाळांसाठी पहिल्या तासांची सोय हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पोटाची भिंत न जुळल्याने आतडी बाहेर घेऊन जन्मलेले बाळ जगत नाही, असा समज खान्देशात आजही आहे. शहाद्याकडील प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून काम केलेल्या माझ्यासारखीला तो बोचतो, कारण यातील बहुतेक बाळे वाचवता येतात. बेंबीच्या बहुधा उजव्या बाजूने आतडी उघडीच बाहेर येतात, तो गॅस्ट्रोस्किसिस. बेंबीतूनच आणि पातळ आवरणासह येतात, तो ओम्फॅलोसील. दुसऱ्या प्रकारात हृदयाचे वा गुणसूत्रांचे दोषही सोबत असू शकतात. पहिल्यात असे दोष कमी असल्याने बाळाचे भवितव्य मुख्यतः उपचारांवर ठरते. ‘लॅन्सेट’ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७४ देशांच्या अभ्यासात गॅस्ट्रोस्किसिसच्या बाळांचे मृत्युप्रमाण श्रीमंत देशांत १.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९, तर गरीब देशांत ९० टक्के आढळले.

आतडी एकाच वेळी आत बसली, तर शल्यचिकित्सक लगेच पोट बंद करतात. ती जबरदस्तीने कोंबली तर दाब वाढून श्वास आणि रक्तपुरवठा अडतो, म्हणून अनेकदा ‘सायलो’ नावाच्या पारदर्शक पिशवीत ठेवून काही दिवसांत हळूहळू आत सरकवतात. परंतु तोवर बाळ गारठले, उघड्या आतड्यांतून पाणी गमावून सुकले किंवा आतड्यांना पीळ पडला, तर शल्यचिकित्सकाच्या हाती फारसे उरत नाही. प्रसूतिगृहाने करायचे ते साधे आहे: आतडी निर्जंतुक प्लॅस्टिक पिशवीत झाकावीत, बाळाला ऊब द्यावी, नाकातून जठरात नळी घालावी, शिरेतून सलाईन सुरू करावे, उजव्या कुशीवर ठेवावे आणि तोंडाने काहीही देऊ नये. पिशवीची किंमत ती काय!

धुळे, जळगाव व नंदुरबार येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून सातपुडा उतरून येणाऱ्या बाळाचा प्रवास लांबच राहतो. म्हणून १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोष दिसताच प्रसूती कोठे करायची हे ठरवावे. तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशा पिशव्या ठेवाव्यात, परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे आणि बालशल्यचिकित्सक कोठे उपलब्ध आहेत, कोणाला फोन करायचा, हे प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लिहून लावावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
जि. नंदुरबार