कुणकेश्वरच्या काकांना, वहीबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका लिहिते. पण पत्र उघड लिहितेय, चार लोकांनी वाचावं म्हणून. आमच्या पॅकिंग शेडमधला संगणक डेबियन नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, तो परवा डेबियन 13 या आवृत्तीवर गेला. आजवर दर वेळी तुम्ही शेजारी बसायचात. या वेळी तुम्ही मुलीकडे पुण्याला आणि माझ्यासमोर फक्त तुमची वही. सगळं झाल्यावर रिकामा क्रेट काट्यावर ठेवला आणि पडद्यावर वजन उमटलं. माझे डोळे भरून आले, ते लपवायचं काही कारण नाही.

ज्यांना आमची हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. देवगड तालुक्यात हंगाम म्हणजे काय हे सांगायला नको. बागायतदार पहाटेपासून हापूसचे क्रेट घेऊन उभे असतात. काट्यावरचं वजन सिरियल केबलमधून थेट संगणकात जातं आणि ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढतं. ते वजन वाचणारा छोटा प्रोग्राम इनिटटॅब नावाच्या फाईलमधल्या एका ओळीवर चालतो. ओळीत ‘रिस्पॉन’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे प्रोग्राम बंद पडला की इनिटने तो लगेच पुन्हा उभा करायचा. इनिट म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा आणि बाकीचे प्रोग्राम सुरू करणारा प्रोग्राम. वीज आली-गेली, केबल हलली, तरी वर्षानुवर्षं कोणाला तिकडे बघावं लागलं नव्हतं.

मग ऐन एप्रिलमध्ये शहरातून एक गृहस्थ आले आणि डेबियन 7 चं 8 करून गेले. डेबियन 8 मध्ये सिसव्हीइनिट या जुन्या इनिटच्या जागी सिस्टमडी हा नवा इनिट आपोआप बसतो, आणि सिस्टमडी इनिटटॅब वाचतच नाही. काटा मुका झाला. फोन केला तर म्हणाले, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. का बंद पडलं ते विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचं.’ बाहेर आंबा उन्हात तापत होता आणि आम्ही वजनं हाताने कागदावर उतरवत होतो. जुना इनिट कसा राखायचा हे डेबियनने त्या आवृत्तीच्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहून ठेवलं होतं, हे नंतर तुमच्याकडून कळलं. पैसे घेऊन काम करणाऱ्याने तेवढं वाचायला हवं होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि पहिला प्रश्न मला विचारलात: ‘काटा आधी कसा चालायचा, ता सांग बघूया.’ त्या दिवसात तो प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. संध्याकाळपर्यंत सिसव्हीइनिट परत आलं, काटा बोलू लागला.

दुरुस्तीचे आभार तेव्हाच मानले होते. आजचं पत्र वहीसाठी आहे. पावसाळ्यात तुम्ही बसून ती लिहिलीत, पुढच्या प्रत्येक बदलात हा इनिट कसा टिकवायचा ते. त्यातल्या आज्ञा इथे देत नाही, त्या ज्याला लागतील त्याला मिळतील. पण एक पान मी जन्मात विसरणार नाही. संगणक काय काढणार आणि काय नवीन घालणार याची यादी दाखवून ‘पुढे जाऊ का’ विचारतो, ते पान. तिथे तुम्ही लाल शाईने लिहिलंय: ‘काढायच्या यादीत सिसव्हीइनिट-कोअर दिसलं, किंवा नवीन यादीत सिस्टमडी-सिसव्ही दिसलं, तर एन दाबा. या प्रश्नापर्यंत संगणकात काहीही बसलेलं नाही की निघालेलं नाही. शंका आली तरी एन दाबा आणि मला फोन करा. दुपारी झोपलेला असलो तरी उठवा.’ (पहिलं म्हणजे आमचा जुना इनिट, दुसरं म्हणजे त्याच्या जागी सिस्टमडीला बसवणारं पॅकेज, आणि एन म्हणजे ‘नाही’.)

कोकणातल्या माणसाने दुपारच्या झोपेतून उठवायची परवानगी लेखी द्यावी! त्या एका ओळीने माझी सगळी भीती गेली. कुठे थांबलं तर नुकसान होत नाही, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. परवा मी त्या पानावर खरंच एन दाबला. यादी शांतपणे पुन्हा वाचली, मग पुढे गेले.

आणि ती प्रेफरन्सेसची छोटी फाईल. सिस्टमडी-सिसव्हीला उणे एक क्रमांक देऊन ते कधीच बसू नये असं सांगणारी. त्यात ‘एक्स्प्लेनेशन’ म्हणून एक ओळ लिहिता येते. तिथे तुम्ही चक्क मराठीत लिहून ठेवलंय की ही फाईल काट्यासाठी आहे, काढण्याआधी ऑफिसात विचारा. उद्या मी इथे नसले तरी माझ्या जागी येणाऱ्याला ते दिसेल.

सिस्टमडीला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत, हेही मला फार मोठं वाटतं. ‘ता वाईट नाय, आपला चाललेला काम मोडू नये इतक्याच,’ एवढंच म्हणालात. तिथेही तोच प्रोग्राम युनिट फाईल, म्हणजे सिस्टमडीला समजणारी सूचनांची फाईल, लिहून चालवता येईल, हेसुद्धा प्रामाणिकपणे सांगितलंत आणि निवड आमच्यावर सोडलीत. या विषयावरून जगभर केवढी भांडणं झाली! 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत चार-चार मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरलं. त्याच वर्षी काहींनी देवुआन नावाने, सिस्टमडीशिवाय, वेगळी चूल मांडली. 2019 मध्ये पुन्हा मतदान झालं. पण डेबियनमध्ये आजही सिसव्हीइनिट आहे. ज्या पॅकेजांनी सिसव्हीइनिटसाठीच्या आपल्या जुन्या स्क्रिप्ट टाकून दिल्या त्या गोळा करून ‘ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स’ नावाने कोणीतरी सांभाळतंय. त्या माणसांना देवगड कुठे आहे हे ठाऊक नसेल, पण आमचा काटा त्यांच्याही जिवावर चालतो. त्यांचेही आभार.

तौक्ते वादळानंतर भर पावसात खांबावर चढलेले वायरमन मी पाहिलेत. शेवटच्या एसटीत म्हातारीला तिच्या पाणंदीशी उतरवणारे कंडक्टर पाहिलेत. तुम्ही त्यांच्यातले आहात. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलीत, निवृत्तीनंतर आरामात राहू शकला असतात. त्याऐवजी एका शेडमधल्या क्लार्कला समजेल अशा भाषेत ऐंशी पानी वही लिहीत बसलात. ज्ञान असणारी माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला कळेल असा विश्वास धरून शिकवणारी फार थोडी.

आता एक काम आहे. या वेळचा बदल मी तुमच्याच पद्धतीने वहीच्या शेवटी लिहिलाय: काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, कुठे थांबले. त्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. चुकलं असेल ते लाल शाईने खूण करून कळवा. शेजारच्या दोन शेडवाल्यांनी वहीची झेरॉक्स मागितलीय. तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या तपासणीनंतरच त्यांना देईन.

आपली,
पॅकिंग शेडच्या ऑफिसातली