बोरन्हाणाच्या पार्सलसोबत

नाशिक, रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. सौ. माऊ,
अनेक आशीर्वाद.

पार्सल आलं की आधी वरचा डबा उघड. त्यात हलव्याचे दागिने आहेत, कापसात बसवलेले. ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी ठेवली आहे. चपलांच्या खोक्यात येते तशी बारीक मण्यांची पुडी मुद्दामच टाकली नाही. का, ते तुला कळलं असेल. खालच्या डब्यात सुटा हलवा, तिळाच्या वड्या आणि धाकटीचा काळा फ्रॉक.

गुरुवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, सण आहे, आयसीयू नाही," आणि ठेवून दिलास. तुझं म्हणणं खरं होतं. बाबाही म्हणाले, पोरीला नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी कशाला घाबरवतेस. म्हणून या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले आहे. बोरन्हाण कसं करायचं तेवढंच लिहिते. बाबांचं मोतीबिंदूचं १२ तारखेला आहे, तेव्हा आम्ही संक्रांतीला येत नाही हे नक्की. सगळं तुलाच बघायचं आहे.

संक्रांत बुधवारी, १४ला. पण त्याच दिवशी केलं पाहिजे असं काही नाही. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, आणि रथसप्तमी यंदा २५ला, रविवारीच आली आहे. दोघांना सुट्टी, सोसायटीतली मुलं घरी. वेळ धाकटीच्या झोपेवरून ठरव, आपल्या सोयीवरून नाही. ती साडेतीनला उठते ना? मग दूध पिऊन, कपडे बदलून साडेचार. सहानंतर नको, तेव्हा मुलं चिडचिडी होतात आणि फोटोत सगळी रडकी येतात. पाटावर फार तर दहा मिनिटं बसेल.

फ्रॉक आधी एकदा धुऊन घे. काळा रंग पहिल्या धुण्यात जातोच, आणि घामाने मानेला लागतो. काठ खणाचा आहे, तो टोचतो म्हणून आतून मलमलचं अस्तर लावलं आहे. तरी दंडाशी लाल दिसलं तर सरळ काढून टाक, काळा टीशर्ट घाल. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून घालायचं, त्यात आणखी काही नाही.

खाली चादर गडद रंगाची घाल, पांढरी नको. पांढऱ्यावर हलवा दिसत नाही. जुनी नऊवारी असती तर बरं होतं, पण ती मीच पिशव्या करून संपवली. डबलबेडची मरून चादर चालेल. तिच्यावर पाट, पाटावर मऊ आसन. सगळं झालं की चादरीची चार टोकं एकदम उचलायची, म्हणजे सांडलेलं सगळं एका गाठोड्यात येतं. सोफा आणि टीपॉय आधीच भिंतीला सरकव, त्यांच्याखाली गेलेलं चार दिवसांनी सापडतं. आणि रांगणाऱ्या मुलीला ते आपल्या आधी सापडतं.

बघ, आलेच तिथे.

बरं, सामान. दहा-बारा मुलांना चुरमुरे अर्धा किलो, पुष्कळ होतात. बोरं पाव किलो. तुमच्याकडे संक्रांतीच्या बाजारात येलची हण्णू म्हणून मिळतात तीच. शेजारच्या कन्नड काकूंना विचारलंस तर त्या सगळं सांगतील, त्यांच्यातही लहान मुलांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे आणि नाणी ओततात. तेलुगू घरांत हेच भोगीच्या दिवशी करतात. तेव्हा परमुलखात कोण येणार, असं जे तू म्हणत होतीस ते मनातून काढ. बोलाव सगळ्यांना, त्यांना आपल्याइतकंच माहीत आहे. काकू एळ्ळु-बेल्ल आणतील, त्यात तीळ, गूळ आणि खोबऱ्याबरोबर शेंगदाणे आणि डाळं असतं. वाटी हातात घ्यायची, आभार मानायचे आणि ओट्यावर वरच्या फळीवर ठेवायची. टीपॉयवर नाही.

आता ओतायचं काय. आपल्याकडे बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगा, हलवा, रेवड्या, गोळ्या असं सगळं मापट्यात कालवून डोक्यावर ओतायची पद्धत. तुझ्या वेळी तसंच केलं होतं, तू हाताला लागेल ते उचलून तोंडात घातलंस आणि सगळे हसले. मीही हसले होते. आज तो फोटो बघवत नाही.

धाकटीच्या डोक्यावर फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या. चुरमुरा तोंडात विरघळतो, तरी मूठ भरून खाऊ देऊ नकोस. बोरं पाच, मोजून. ती ओतायची नाहीत, तिच्या मांडीवर ठेवायची आणि औक्षण झालं की पाच मोजून उचलायची. उसाचा करवा डोक्याला लागतो, तो नको. सुटा हलवा अजिबात नको, तो थोरल्या मुलांच्या पुड्यांत घाल. लुटायला काही नसलं तर मुलं हिरमुसतात, म्हणून पाटापासून दोन हात लांब दुसऱ्या चादरीवर त्यांची वेगळी लूट ठेव: बोरं, करवे, कागदातल्या मोठ्या वड्या. जेलीच्या चिमुकल्या कपांचं पाकीट कुणी आणलं तर ते परत देऊन टाक. आणि फुगे लावू नकोस. फुटलेल्या फुग्याचा तुकडा सगळ्यात वाईट, तो घशाला चिकटून बसतो आणि थापेनेही निघत नाही. कागदी पतंग लाव, संक्रांतच आहे.

थोरलीचं काय, ते लिहायचं राहिलं. पाच वर्षांपर्यंत बोरन्हाण करतात, आणि तिला पाच पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत. म्हणून तिच्यासाठीही दागिने केले, बांगड्यांसकट. तिलाही पाटावर बसव, आधी तिला. तिच्या डोक्यावर बोरं-बिरं सगळं ओत, ती ओरडेल आणि खूश होईल. मग धाकटीचं पहिलं औक्षण आणि चुरमुऱ्याची पहिली वाटी तिच्या हातून. तिला काम दिलं नाहीस तर ती स्वतः काम शोधेल, आणि तिचं आवडतं काम म्हणजे बाळाला भरवणं. मागे व्हिडिओत बिस्किटाचा तुकडा कसा प्रेमाने कोंबत होती! परका माणूस बाळाच्या तोंडात काही घालत नाही, घालते ती ताईच. तिला रागावू नकोस. "बाळाला अजून दाढा नाहीत, म्हणून तुझा खाऊ तिला चावता येत नाही" असं एकदा आरशासमोर तिच्याच दाढा दाखवून सांग. तिला पटतं असं सांगितलेलं. धाकटीला खालचे दोनच दात आहेत ना अजून? समोरच्या दातांनी तुकडा तुटतो, पण तो बारीक करायला दाढ लागते, आणि ती वर्षानंतर येते. ती आली तरी शेंगदाणा चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा द्यायचाच नाही. कूट चालतं.

हे पुन्हा उपदेशाकडे गेलं. रागावू नकोस.

पण लिहायला घेतलंच आहे तर पुरतं लिहिते. दाणा श्वासनळीत गेला की लगेच कळतंच असं नाही. ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, मग थांबतं आणि मूल खेळायला लागतं. आपण म्हणतो, गेलं खाली. चार दिवसांनी छातीत एका बाजूला घरघर, मग ताप, आणि खोकल्याचं औषध सुरू होतं. उजवीकडची नळी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून बहुतेक वेळा तिकडेच जातो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही. दुर्बिणीने बघावं लागतं. आत्याकडे अकरा दिवस हेच चाललं होतं, आणि पहिल्या दिवशी ठसका लागला होता हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून ठसका लागून थांबला तरी वेळ लक्षात ठेव आणि काय खात होती ते सांग. इतकंच.

आणि समोरच अडकलं तर. खोकत असेल, रडत असेल, आवाज येत असेल तर पाठीत मारू नको, तिला खोकू दे. आवाज बंद झाला, तोंड उघडं आणि ओठ निळसर दिसले तर पालथी आपल्या हातावर घे, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत धरलेला. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा. निघालं नाही तर उताणी करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब, निघेपर्यंत. मार्चनंतर, म्हणजे वर्षाची झाली की, दाब छातीऐवजी बेंबीच्या वर पोटावर. दिसत नसेल तर घशात बोट घालायचं नाही, आणखी आत जातं. पाणी पाजायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी लगेच १०८ लावायचा. शुद्ध गेली तर थापा सोडून छाती दाबणं आणि श्वास देणं. ते तू ऑफिसात शिकलीस, मला उशीवर करून दाखवलं होतंस. किती सफाईने! मी वन्संना तीन दिवस सांगत होते. तेव्हा हे तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं हे मला माहीत आहे. जावईबापूंनाही येतं का, एवढं मात्र बघ. तू आत आरती पेटवत असताना बाळाजवळ तेच असणार.

झालं. आता नाही.

हलवा कसा करायचा ते तू विचारलं होतंस. पुढच्या वर्षी तू कर, माझी बोटं आता तेवढी सोसत नाहीत. दागिन्यांना दाणा मोठा लागतो म्हणून आत साबुदाणा घ्यायचा, नुसत्या खायच्या हलव्याला तीळ. पाव वाटी दाण्याला एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घाल. मळी वर येते, ती काढून पाक गाळ. पाक एकतारीच्या जरा अलीकडेच थांबव. घट्ट झाला तर दाण्याला बसत नाही, साखर सुटी होते. तसं झालं तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा गरम कर.

जाड बुडाची परात, आच अगदी बारीक. परातीवर हात टेकवून राहता आला पाहिजे, तेवढीच. दाण्यांवर अर्धा चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहायचं. कोरडे होऊन खडखड वाजायला लागले की पुढचा अर्धा चमचा. घाई करून चमचाभर घातलास की दोन-दोन दाणे चिकटतात, आणि सोडवायला गेलं की साल निघते. आच वाढली तर रंग पिवळट होतो आणि काटा जळतो. पहिल्या दिवशी नुसता पांढुरका होतो, बघून निराश व्हायला होतं. तिसऱ्या दिवशी अंग धरतो. काटा शेवटच्या दिवशी येतो, तोही पहाटेच्या कोरड्या थंडीत. ढगाळ हवा असेल तर त्या दिवशी हात लावू नकोस, डबा घट्ट बंद करून ठेव. यंदा सहा पहाटा गेल्या, त्यात एक पाण्यात, कारण पाक पुढे गेला होता.

दागिने करताना दाण्याला भोक पाडत नाहीत, फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा आवळून गाठ मारायची. धाकटीच्या दागिन्यांत तार कुठेच नाही, मुकुटाला पुठ्ठ्याचा आधार आहे. तिला बांगड्या आणि कानातली केली नाहीत. मनगट आधी तोंडात जातं, आणि ओल्या तोंडात गाठ ढिली होते. मुकुट, हार, बाजूबंद आणि कंबरपट्टा एवढंच. हार शेवटी घाल, फोटो काढ, लगेच उतरव. उतरवलेलं सगळं ताटात ठेव आणि ताट फ्रिजवर. मुंग्या येतात म्हणून, आणि दुसरंही कारण आहेच.

फोटो पाठव. दोघींचा एकत्र एक हवा, थोरलीच्या मांडीवर धाकटी. बाबांच्या डोळ्यावरची पट्टी तोवर निघालेली असेल.

जावईबापूंना नमस्कार सांग. दोघी चिमण्यांना पापा.

तुझी,
आई

ता. क. धाकटीच्या दागिन्यांतले दाणे मोजून ठेवले आहेत: मुकुट ४२, हार ५६, बाजूबंद दोन्ही मिळून २४, कंबरपट्टा ६४. एकूण १८६. उतरवलेस की मोज. थोरलीचे मी मोजले नव्हते, ती मोठी आहे म्हणून. काल रात्री उठून पाहते तर बाबा दिवाणखान्यात ते मोजत बसलेले. धड दिसत नाही, बोटांनी चाचपत होते. एकदा २३१ आले, एकदा २३३. तू एकदा मोजून कळव.