आधी त्याच्या सुरात गेलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

दुसरीच्या वर्गात मागच्या रांगेतल्या त्या मुलाचा स्वर तुम्ही आधी स्वतः लावलात, त्यासाठी हे पत्र. बाकीच्या गोष्टींबद्दलही आभार मानायचे आहेत, पण आधी हे.

वर्ग एका पट्टीत गात होता आणि तो चार-पाच स्वर खाली, बोलल्यासारखा एकाच जागी अडकला होता. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपल्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पेटीवर तोच षड्ज, म्हणजे सा, आणखी जोरात धरला जातो, 'वर ये, वर ये' सुरू होतं, आणि दोन-तीनदा जमलं नाही की मुलाला गप्प केलं जातं. त्याला आधी शिकवणाऱ्यांनी हेच केलं होतं. 'तू नुसते ओठ हलव,' असं त्याला सांगितलं होतं. कार्यक्रम नीट व्हावा म्हणून सात वर्षांच्या मुलाचा आवाज बंद करायचा, याचा मला अजूनही राग येतो. गाणं बंद केल्यावर ते मूल सुरात यायला शिकणार कुठून?

तुम्ही पेटीचा भाता सोडलात, त्याच्या शेजारी जमिनीवर बसलात आणि तो ज्या स्वरावर होता तोच स्वर 'लू' म्हणत हळू आवाजात धरलात. आपला आणि समोरच्याचा आवाज एक होतो म्हणजे काय, हे त्याच्या कानाला तोवर कळलंच नव्हतं, कारण प्रत्येक जण त्याला वर बोलावत होता, त्याच्यापर्यंत उतरत कोणीच नव्हतं. एकदा ते जुळल्यावर तुम्ही अर्धा स्वर वर सरकलात. तो आला. आणखी अर्धा. चौथ्या पायरीवर तो घसरला, तेव्हा तुम्ही एक पायरी खाली आलात आणि त्या दिवशी तिथेच थांबलात. सारं मिळून दीड मिनिट लागलं असेल.

मग बोटाने हवेत पतंग काढत 'ऊ' खालून वर आणि वरून खाली ओढायला लावलंत. हेही किती नेमकं होतं! ज्यांना आपण बेसूर म्हणून मोकळे होतो, त्यातल्या बहुतेक मुलांच्या कानात काहीच खोट नसते. ती बोलण्याच्या जाड आवाजात गात असतात. वरचा पातळ, हलका आवाज त्यांना अजून सापडलेला नसतो. 'नीट ऐक' असं दहादा सांगून तो सापडत नाही. ओढलेल्या 'ऊ'मध्ये तो आपोआप लागतो.

पट्टीचंही तसंच. या वयाचा गळा मोकळा चालतो तो पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून सहाव्यापर्यंत, जेमतेम पाच स्वर. शिक्षक आपल्या सोयीची पट्टी धरतात आणि अर्धा वर्ग त्याबाहेर राहतो. पुरुष शिक्षकाने खर्जात, म्हणजे आपल्या खालच्या आवाजात, स्वर दिला तर काही मुलं तो बरोबर एक सप्तक वर घेतात, पण काही खालीच शोधत बसतात आणि घसा घोगरा करून घेतात. अशा वेळी वर्गातल्याच एखाद्या सुरेल मुलाकडून स्वर देववावा, मुलांना मुलाचा आवाज लवकर पकडता येतो.

तुमची आणखी एक सवय वरवर पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. ओळ तुम्ही एकट्या म्हणता, हात मुलांकडे वळवता आणि मुलं म्हणताना पूर्ण गप्प राहता. बरोबरीने गाणाऱ्या शिक्षकाला वर्ग छान चाललाय असं वाटत राहतं, पण मुलं त्याच्या आवाजावर रेलून किंचित मागून येत असतात, आणि तो थांबला की सगळं कोसळतं. शिवाय स्वतः गात असताना तिसऱ्या रांगेत काय चुकतंय ते ऐकू येत नाही. सुरुवातही तुम्ही सरळ सा-रे-ग-मने केली नाहीत. पंचमावरून (प) शुद्ध गंधारावर (ग) उतरणारी हाक घेतलीत, कारण मुलं खेळताना एकमेकांना हाका मारतात त्यात हेच अंतर पुन्हा पुन्हा येतं. मध्यम (म) आणि निषाद (नी) बरेच दिवस बाजूला ठेवलेत. ग-म आणि नी-सा ही अर्धी अंतरंच लहान गळ्यातून निसटतात. हंगेरीचे संगीतकार आणि संगीत शिक्षणतज्ज्ञ झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीत हाच क्रम आहे, पण क्रम माहीत असूनही वार्षिक कार्यक्रमाच्या घाईत तो मोडणारेच जास्त.

लयीबाबत एवढंच म्हणेन की गाणं सोपं व्हावं म्हणून तुम्ही ते संथ केलं नाहीत. संथ लयीत दोन मात्रांमधली जागा मोठी होते आणि मुलं ती भरून काढायला पळतात. आधी पावलं, मग टाळी, मात्रांचे आकडे सगळ्यात शेवटी, हे बरोबरच.

आणि प्रश्न विचारल्यावरची तुमची शांतता! १९७० च्या दशकात अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तशी उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. ती मोजणी विज्ञानाच्या तासांची होती, पण स्वर शोधणाऱ्या मुलाला तर त्याहून जास्त वेळ लागतो. तो तुम्ही देता, आणि नंतर नुसतं 'छान' म्हणत नाही. 'शेवटचा स्वर टिकवलास,' असं म्हणता. पुढच्या वेळी काय करायचं ते मुलाला त्यातूनच कळतं.

सांगीतिक क्षमता साधारण ९ वर्षांपर्यंत घडत असते, नंतर ती बरीचशी स्थिर होते, असं अमेरिकन संगीत शिक्षणतज्ज्ञ एडविन गॉर्डन यांचं मत होतं. ते धरून चाललं तर त्या मुलाच्या हातात दोनच वर्षं होती. ओठ हलवण्यात ती गेली असती.

समोरचा जिथे आहे तिथे आधी जाऊन उभं राहायचं आणि मग त्याला हात द्यायचा, एवढा साधा चांगुलपणा आहे हा. पेटी, वर्ग, कार्यक्रम यांच्या गडबडीत तो शाबूत ठेवणारी माणसं फार थोडी. तुम्ही त्यातल्या आहात.

गेल्या तासाला त्याने न सांगता दोनदा पतंग उडवला. दुसऱ्यांदा 'ऊ' तुमच्या स्वराच्याही वर गेला आणि तुम्ही त्याच्यामागे वर गेलात.

आपला कृतज्ञ,
एक संगीत शिक्षक