पेशी पहारेकरी नव्हेत

रविवारच्या पुरवणीतील पावसाळा आणि प्रतिकारशक्तीवरचा लेख वाचला. काढ्यांची यादी असो. पण पांढऱ्या पेशींना ‘जागोजागी उभे पहारेकरी’ म्हटले आहे, ते पटले नाही. त्यांचे बळ आकार बदलून सरकण्यात आहे. करवंदीचा काटा पायात मोडला, की रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. रक्तात गोल असणारी पेशी तेव्हा लांबट होते आणि ॲक्टिन या प्रथिनाच्या जोरावर पुढे पाय काढते. अडतो तो तिचा सर्वांत ताठर भाग, केंद्रक. पण न्यूट्रोफिलचे केंद्रक सहसा तीन ते पाच पाळ्यांचे असते, त्यामुळे तेही दुमडून निभावते.

रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि त्यांभोवती जमलेल्या फिरत्या पेशी पाहिल्या. १९०८चे नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत मिळाले. तारामासे आमच्याही किनाऱ्यावर ओहोटीला दिसतात. पुढच्या लेखात काढ्याऐवजी त्यांना जागा मिळाली, तर शाळेतली मुले तरी तो वाचतील.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मालवण